ग्लासभर पावडर आणि ताटातली भाकर



गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारची वंदना झाल्यावर आम्ही विहारातच टेबल टाकून साखर आणि रक्तदाब तपासत होतो. उत्तर नागपुरातली वस्ती, रांग मोठी. त्या रांगेतल्या एक ताई नंबर येण्याआधीच भिंतीला टेकल्या. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, पन्नाशीच्या आतली. कपाळावरून घामाच्या धारा, हात थरथरत होते, नाव विचारले तर भलतेच काही बोलत होत्या. शेजारच्या बाया म्हणाल्या, गर्दीने जीव घाबरला असेल, पदराने वारा घाला. आम्ही आधी बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला ४८.

साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात. ४८ ला मेंदूचे इंधनच तुटायला लागलेले असते, म्हणून माणूस बरळतो. ताईंना गिळता येत होते, तेव्हा तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा ८२ झाला. मग भोजनदानाचा वरणभात खाऊ घातला. नीट बोलायला लागल्यावर विचारले, सकाळी काय खाल्ले? "शेक." काल रात्री? "शेकच." आणि साखरेची गोळी? त्यावर त्या ठसक्यात म्हणाल्या, "गोळी मी कधीच चुकवत नाही, ताई."

घोळ तिथेच होता. त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड होते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकर आहे की नुसते पाणी, हे ती पाहत नाही. जेवण निम्म्यावर आले आणि गोळी तेवढीच राहिली, की साखर कोसळते. शिवाय या गोळीचा असर लांबतो, एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. म्हणून आम्ही ताईंना घरी न सोडता सरकारी दवाखान्यात नेले. तिथे त्यांना रात्रभर ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी शेकची चौकशी केली. वस्तीच्या तोंडाशी एका खोलीत 'क्लब' निघाला होता. भिंतीवर आधी जाड आणि नंतर बारीक झालेल्यांचे फोटो, कोपऱ्यात वजनकाटा, सकाळी गाणी, टाळ्या, आणि मग प्रत्येकीच्या हातात एक ग्लास. चालवणारी मुलगी आपल्यातलीच, बी.ए. झालेली, नोकरी नाही. सगळे तिला 'कोच' म्हणायचे. तिने ताईंना सांगितले होते, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण बंद, त्याऐवजी ग्लास. दुपारी फक्त एक पोळी. महिन्याभरात पाच किलो उतरतील आणि साखर मुळापासून जाईल. गोळीचे काय करायचे, हे ताईंनी विचारले नाही आणि कोचने सांगितले नाही. कोचला ते माहीत असण्याचे कारणच नव्हते. तिचे शिक्षण डबा विकण्याचे झाले होते. डब्याचे पैसे बचत गटातून उचललेले. कंपनीचे नाव आम्ही छापत नाही. एका नावाचा डबा गेला की दुसऱ्या नावाचा येतो, प्रकार तोच राहतो.

त्यानंतर बऱ्याच भगिनींनी आम्हाला विचारले, की जेवणाऐवजी असे पातळ पेय घेणे चांगले की वाईट? होय किंवा नाही एवढ्यात हे संपत नाही, म्हणून हा लेख.

डब्याच्या मागची बाजू

बहुतेक डब्यांत सोयाबीनचे किंवा दुधाचे प्रथिन, थोडी साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन नावाचे पिष्ट, थोडे तंतू, वास, रंग आणि जीवनसत्त्वे-क्षारांची पूड असते. ते विष नाही आणि जादूही नाही. ताईंचा डबा आम्ही मागवून उलटा करून वाचला. डबा ५०० ग्रॅमचा, त्यांनी दिलेले पैसे २,२०० रुपये. एका वेळी २५ ग्रॅम घ्यायचे, म्हणजे एका डब्यात २० ग्लास. एक ग्लास ११० रुपयांना पडला. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात लिहिले होते, प्रथिने १५ ग्रॅम. त्या १५ वर एक बारीक चांदणी. चांदणीचा अर्थ मागे मुंगीएवढ्या अक्षरांत: २०० मिलिलिटर दुधात कालवल्यास. आता तेवढ्या दुधात मुळातच सहा ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. म्हणजे पावडरीची जेमतेम नऊ. दूध तुमच्या घरचे आणि नाव डब्याचे.

ताईंना तर रोजचे दूध परवडत नव्हते. त्या पावडर पाण्यातच कालवत होत्या. पाण्यातल्या त्या ग्लासात शंभराच्या आत कॅलरी, म्हणजे एका मध्यम पोळीएवढी ताकद. दोन जेवणांच्या जागी दोन पोळ्यांची ताकद आणि दुपारची एक पोळी, एवढ्यावर ती बाई चार घरच्या बादल्या उचलत होती. अंगमेहनत करणाऱ्या बाईला दिवसाला दोन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात.

वजन उतरणारच. उपाशी राहिले की कोणाचेही उतरते, त्याला डबा लागत नाही. पहिल्या आठवड्यातले दीड-दोन किलो तर बरेचसे पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिने धरून ठेवलेले पाणी लघवीवाटे निघून जाते. क्लबात टाळ्या पडतात त्या या पाण्याला. पुढे चरबीबरोबर मांसही झिजते. दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागतात. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांच्या पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. मग कंटाळून माणूस पुन्हा जेवायला लागतो आणि वजन परत येते. तेव्हा कोच म्हणते, बघा, डबा सोडला म्हणून वाढले.

चावण्याचा मुद्दाही साधा वाटतो, पण मोठा आहे. भाकर-भाजी चावताना वेळ जातो, पोट भरत आल्याची खबर मेंदूला पोचते, भाजी-डाळीतल्या तंतूंमुळे अन्न पोटात टिकते आणि साखर हळूहळू रक्तात उतरते. पातळ पेय दोन मिनिटांत घशाखाली जाते आणि पोटातून लवकर पुढे सरकते. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर साखर भरकन वर चढते. अकरा वाजता पुन्हा भूक लागते आणि मालकिणीच्या घरच्या चहा-बिस्किटावर ती भागवली जाते.

मग डॉक्टर लोक हे कधी वापरतात?

वापरतात, आणि तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये ग्लासगो आणि न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी 'डायरेक्ट' नावाचा एक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. मधुमेह होऊन सहा वर्षे झालेली नाहीत आणि इन्सुलिन चालू नाही, अशा जाड व्यक्तींना तीन ते पाच महिने फक्त पातळ आहारावर ठेवले, दिवसाला सुमारे ८५० कॅलरी. वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. क्लबवाले मोबाइलवर दाखवतात ते कधी कधी याच अभ्यासाचे अर्धवट तुकडे असतात. दाखवत नाहीत ती बाजू अशी: पहिल्याच दिवशी त्या लोकांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या, शिकवलेल्या नर्स आणि आहारतज्ज्ञ त्यांना वारंवार तपासत होत्या, आणि पेयानंतर हळूहळू साध्या जेवणावर आणायचा कार्यक्रम ठरलेला होता. ते पेयही पूर्ण आहार म्हणून बनवलेले होते. पाण्यात कालवलेले दोन चमचे आणि ते, यांत फार अंतर आहे.

देखरेख नसली की काय होते, याचा धडाही जुना आहे. १९७७ च्या सुमारास अमेरिकेत पातळ प्रथिनांवर वजन उतरवायची लाट आली होती. जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेले हलक्या प्रतीचे प्रथिन बाटलीत भरून विकले जाई, लोक दिवसाला तीन-चारशे कॅलरींवर महिनोन्‌महिने राहत. त्यांतल्या पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद तिथल्या सरकारकडे झाली. कित्येक तरुण बाया होत्या, आणि त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडून त्या गेल्या होत्या. आजचे डबे त्या बाटल्यांपेक्षा बरे आहेत. पण हृदयालाही रोजचे पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि चांगले प्रथिन लागते, हे शरीर तेच आहे.

म्हणून मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पेय असो, उपोसथाचा उपवास असो, की घरात दळण संपले म्हणून आलेली उपासमार असो, गोळीला त्याचे कारण कळत नाही. एकटी मेटफॉर्मिन असेल तर साखर अशी एकदम सहसा कोसळत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल तर कोसळते. गोळीच्या पट्टीवर ही नावे वाचा, अक्षर बारीक असेल तर लेकराकडून वाचून घ्या. घाम, थरथर, धडधड, अंधारी आली की साखरेचे पाणी, जसे वर सांगितले तसे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, आणि सिकलसेल असणाऱ्यांनी जेवण टाळून डब्यावर राहू नये. सिकलसेलमध्ये उपाशी राहणे आणि पाणी कमी पडणे दोन्ही महागात पडते.

पसेनदी राजाचे ताट

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची एक गोष्ट येते. राजा एका वेळी द्रोणभर भात खायचा. एकदा जेवून धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपाशी राहा म्हटले नाही, कसला काढा दिला नाही. मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते, या अर्थाची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणायला सांगितली, रोजच्या शंभर नाण्यांवर. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. ज्यांनी स्वतः सहा वर्षे शरीर सुकवून पाहिले आणि सुजाताची खीर घेऊन तो मार्ग सोडला, त्यांच्याकडून दुसरे काय अपेक्षित होते?

आम्हाला या गोष्टीत तो 'हळूहळू' महत्त्वाचा वाटतो. ज्यांना खरोखर वजन उतरवायचे आहे (आणि आपल्या वस्तीत पोटाचा घेर वाढलेल्या, साखर असलेल्या बाया पुष्कळ आहेत, बाबासाहेबांनाही मधुमेह होता) त्यांनी ताटातला भात किंवा पोळी एक चतुर्थांश कमी करून तिथे भाजी आणि घट्ट वरण वाढावे. चहातली साखर, टोस्ट, फरसाण, थंड पेयाची बाटली आधी जावी. महिन्याला एक-दीड किलो उतरला तरी पुष्कळ.

प्रथिन कुठून आणायचे?

कोच एक गोष्ट खरी सांगते: आपल्या जेवणात प्रथिन कमी पडते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम लागते. भात आणि पातळ आमटीवर दिवस काढला तर तेवढे भरत नाही. त्याच संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळा असेही सांगितले आहे.

कमी का पडते, हेही बोलू या. २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात बैलाच्या मांसावर बंदी आली. आपल्या कित्येक घरांतले सर्वांत स्वस्त प्रथिन एका कायद्याने ताटातून उचलले गेले. त्या जागी कोणी अंडी आणून ठेवली नाहीत. आणि आता तीच उणीव दाखवून ११० रुपयांचा ग्लास विकला जातो. वर कोच सांगते, मांसमच्छी सोडा, सुकट सोडा, वास येतो, शरीर 'शुद्ध' ठेवा. शुद्ध-अशुद्धाची ही भाषा आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर मागे ठेवून आलो. ज्याला आपल्या मनाने मांस खायचे नाही त्याने जरूर खाऊ नये. पण लाजेपोटी सुकट सोडून डबा घेणे हा आरोग्याचा सल्ला नव्हे. सुकट आणि सुकी मासोळी ही तोलामागे भरपूर प्रथिन देणारी वस्तू आहे. फक्त मीठ जास्त असते, म्हणून दोन-तीनदा धुऊन, उकळते पाणी फेकून मग चटणी करा. रक्तदाबवाल्यांनी कमीच.

एका अंड्यात सहा ग्रॅम. कोरड्या सोयाबीन वड्या ५० ग्रॅम घेतल्या तर पंचवीस ग्रॅम. मूठभर फुटाण्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात-साडेसात. चणे, मूग, बरबटी, कुळीथ यांची घट्ट उसळ, कोंबडीची कलेजी आठवड्यातून एकदा, जवसाची चटणी, ज्वारीच्या कण्यांबरोबर ताक. ही यादी आपल्या आजीला पाठ होती, आम्ही फक्त तिच्यापुढे ग्रॅम लिहिले.

आणि सकाळी सहाला कामावर पळणाऱ्या बाईला स्वयंपाकाला वेळ नसतो हे आम्हाला माहीत आहे. ग्लास विकला जातो तो त्या घाईमुळेच. तिच्यासाठी घरचे पेय असे: सालासकट फुटाणे दळून पीठ डब्यात भरून ठेवावे. त्यातले ३० ग्रॅम, म्हणजे तीन गच्च मोठे चमचे, एक मोठा चमचा शेंगदाण्याचा कूट, २०० मिलिलिटर दूध, चवीला चिमूटभर मीठ-जिरे किंवा जरासा गूळ. मधुमेह असेल तर गूळ नको. फुटाण्याचे सहा, शेंगदाण्याचे अडीच, दुधाचे सहा, मिळून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिन, त्या चांदणीवाल्या डब्याएवढेच. आमच्याकडच्या किराणा दुकानाच्या भावाने हे वीस रुपयांच्या आत पडते. सोबत एक भाकर आणि केळे घेतले तर ते जेवण होते, नुसते घेतले तर तो जेवणाचा आधार. हा फरक विसरू नका.

पातळ अन्नच ज्यांच्या नशिबी आले आहे, त्यांचा विषय निराळा. खर्ऱ्याने तोंड उघडेनासे झालेले, तोंडाच्या कर्करोगाची शेक घेणारे (तो शेक विजेचा, हा नव्हे), नाकात नळी असलेले. त्यांना डॉक्टरांनी ठराविक पावडर लिहून दिली असेल तर ती द्यावीच, वरचे पेय गाळून दिवसातून चार-पाच वेळा देता येते का हेही त्यांनाच विचारावे. क्षयरोगाच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. ते अंडी, डाळ, तेलावर खर्च करा, टीव्हीवरच्या डब्यावर नको. आणि सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला वरणाचे वरचे पाणी पाजून पोट भरल्याचे समाधान मानू नका. वरणाचा कस तळाला असतो. घट्ट, चमच्यावरून न सांडणारे भरवा, तेलाची धार घालून.

पैशाचे बोलू

ताईंना कोचने दुसरी ऑफरही दिली होती: तुम्हीच डबे घ्या, खाली चार बाया जोडा, घरबसल्या कमाई. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार सभासद होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही, आणि माणसे जोडण्यावर कमाई देणारी साखळी चालवायला मनाई आहे. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यात गुन्हा आहे. डब्यावरचा १४ आकडी क्रमांक हा अन्न विकण्याचा परवाना असतो, आजार बरा होण्याची हमी नसते. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाला तर अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना त्या नावाखाली पेये विकू नका असे कळवले. फसवणूक झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बचत गटाच्या बैठकीत एवढा तरी ठराव करा, की डब्यासाठी कर्ज देताना मधुमेहाची गोळी चालू आहे का हे विचारले जाईल.

त्या कोच मुलीशी आम्ही भांडलो नाही. तिच्या खोलीत चाळीस हजारांचे डबे पडून होते, मुदत संपत आलेली, आणि वडिलांचे कर्ज त्यात अडकलेले. तिला तक्रारीचा अर्ज लिहायला आम्हीच बसवले. ताईंची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. आता सकाळी निघताना त्या एक भाकर, उसळ आणि उकडलेले अंडे बांधून नेतात. वजन दोनच किलो उतरले आहे, पाच महिन्यांत.

तुमच्या घरात असा डबा उघडलेला असेल आणि फेकवत नसेल, तर आधी मुदत पाहा. मुदत असेल आणि मूत्रपिंडाचा आजार नसेल, तर मोठ्या माणसाने दिवसाला एक माप दुधात किंवा ताकात घेऊन संपवावा, पण भाकरीबरोबर, भाकरीच्या ऐवजी नव्हे. लहान मुलांना आणि गरोदर सुनेला त्यातले देऊ नका. पट्टीवरच्या गोळ्यांची नावे वाचता येत नसतील तर रविवारी वंदनेनंतर पट्टी आणि डबा दोन्ही घेऊन विहारात या, साडेनऊपासून आम्ही तिथेच बसतो.